पडद्यावर याडीचे कपडे

“खोल गाठोडं.”

गॅसबत्ती हातात घेऊन तो माणूस माझ्या याडीसमोर उभा होता. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. शेलूबाजारला तंबूतला सिनेमा आला होता. मधेच रीळ तुटलं होतं आणि सगळा तंबू माना वळवून आमच्याकडे पाहत होता.

याडीनं विचारलं, “काहून?”

“खोल म्हनलं न.”

तिनं गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी. लाल मिरचीची चटणी. माझ्यासाठी बाजारातून घेतलेली हिरवी रिबीन. त्यानं चपलेच्या टोकानं वरची भाकर उलथवली. खाली दुसरी भाकर होती. मागे खुर्च्यांवर लोक हसले.

त्या हसण्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या गुरुजींचा.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. देश नवा झाला, असं गुरुजी रोज प्रार्थनेनंतर सांगायचे. मी चौथीत होते. आम्ही बंजारा. गावातले लोक आम्हाला लमाण म्हणत. आमचा तांडा गावापासून दूर, नाल्यापलीकडे. तांड्यावरून शाळेत जाणारी मुलगी मी एकटी. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलीसपाटील आधी नाला ओलांडून आमच्याकडे यायचा. ते आम्हाला नवीन नव्हतं. तरी शाळेत मला एक जागा होती, असं मला वाटायचं. ती जागा एका पुस्तकानं दिली होती.

शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजी ते पुस्तक वाचायचे. एक बहीण आणि तिचा लहान भाऊ. त्यांच्या गावातलं तळं एका सकाळी नाहीसं होतं. पाणी नाही, मासे नाहीत, नुसता खड्डा. मग ती दोघं एका मोठ्या बगळ्याच्या पाठीवर बसून डोंगरांपलीकडे तळं शोधायला जातात. तिथं एक बाई राहते. लोक म्हणतात, ती मुलं पळवते. तिचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. गुरुजी तिच्या वेळी आवाज बारीक करायचे. सगळा वर्ग गप्प. शेवटी कळतं की ती बाई मुलं पळवत नाही. वाट चुकलेल्या मुलांना ती पाणी देते आणि घरचा रस्ता दाखवते. तळंसुद्धा तिनं चोरलेलं नाही, सांभाळून ठेवलेलं आहे.

ते पुस्तक आम्हा सगळ्यांचंच लाडकं होतं. वर्षभरात गुरुजींनी ते संपवलं आणि आम्ही पुन्हा सुरू करायला लावलं. सुट्टीत भांडणं व्हायची. बगळा किती मोठा, बैलाएवढा की हत्तीएवढा. त्या बाईचे केस कुठपर्यंत. कोणी म्हणायचं घोट्यापर्यंत, कोणी म्हणायचं तिला केसच नाहीत. मीसुद्धा भांडायचे. त्या भांडणात मला कोणी लमाणीन म्हणत नसे.

मी ती गोष्ट घरी येऊन याडीला सांगायचे. याडीला अक्षर येत नव्हतं, पण गोष्ट तिनं एकदा ऐकली की तिची झाली. कापूस वेचताना ती बाकीच्या बायांना सांगायची. तिनं त्यात तांड्याची गाणी घातली. बगळा उडतो तिथं एक, तळं सापडतं तिथं एक. आमच्या बायांना ती डोंगरापलीकडची बाई फार आवडायची. “आपल्यासारखीच आहे,” एक म्हातारी म्हणाली होती. “लोक चोर म्हणतात, आन् ते लोकायचेच लेकरं सांभाळते.”

म्हणून जेव्हा बैलगाडीवर भोंगा लावून माणूस ओरडत गेला की त्या पुस्तकाचा सिनेमा आला आहे, तेव्हा तांड्यावरच्या सात-आठ बायका निघाल्या. आपली गोष्ट पाहायला. त्यांनी पेटीतले चांगले कपडे काढले. आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेट्या म्हणजे घागरे, डोक्यावर ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, गालावर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. लग्नाला जावं तशा. मी याडीकडे पाहत चालत होते. तिच्या छातीवरच्या आरशांत उतरतं ऊन हलत होतं.

खेळ दिवेलागणीला सुरू झाला. तंबूत मागे खुर्च्या, पुढे जमीन. आम्ही जमिनीवर, पडद्याजवळ, बायांच्या बाजूला. मागे खुर्चीवर आमचे गुरुजी. त्यांच्या शेजारी मालक, ज्यांच्या वावरात याडी निंदायला जायची. माझ्या वर्गातली मुलं इकडेतिकडे बसलेली. बाहेर इंजिन धडधडत होतं.

पडद्यावर बगळा आला तेव्हा सगळा तंबू हललाच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उभं राहून हात जोडले. पोरं ओरडली. कोणी म्हणालं, “अरे, हा तर लहान हाये.” दुसरा म्हणाला, “पुस्तकात पांढरा होता, याचे पंख काळे काहून?” कोणी त्यांना गप्प बसवलं. तळं नाहीसं झालं तेव्हा बायांनी च् च् केलं. आमच्या बायाही करत होत्या. याडीनं माझा हात धरला होता. ती हळूच, ओठांतल्या ओठांत, बगळ्याचं गाणं म्हणत होती.

मग ती बाई आली.

आधी पाय दिसले. पायांत वाळे. मग घागऱ्याचा घेर. मग आरशांची कांचळी. पांढऱ्या बांगड्या. घुगऱ्या.

आमच्या बाया एकदम ताठ बसल्या. माझ्या शेजारच्या काकीनं तोंडावर हात घेतला आणि ती हसली. “आपली,” ती म्हणाली. “आपली बाई हाये.” याडीचा चेहरा उजळला. मी पाहिला, पडद्याच्या उजेडात. तोपर्यंत आम्ही कुठंच दिसलो नव्हतो. भिंतीवरच्या चित्रात नाही, पुस्तकात नाही, देवळात नाही. आणि आता एवढ्या मोठ्या पडद्यावर आमचे कपडे घालून कोणी तरी उभं होतं.

त्या बाईच्या खांद्यावर पोतं होतं. तिनं ते खाली ठेवलं. पोत्यातून एका लेकराचा हात बाहेर आला.

याडीच्या हाताची पकड सुटली.

पुढं काय काय दाखवलं ते मला सलग आठवत नाही. ती बाई दात विचकून हसत होती. तिच्यासारख्याच कपड्यांतल्या बाया आगीभोवती नाचत होत्या. लोक आधी घाबरून गप्प होते. मग मागून कुजबूज झाली, मग माना वळल्या. एक एक करून. पडदा सोडून लोक आम्हाला पाहायला लागले. पडद्याचा उजेड आमच्या आरशांवर पडत होता. लपायला जागा नव्हती. लखलखत होतो आम्ही.

तेवढ्यात रीळ तुटलं. गॅसबत्त्या पेटल्या. आणि एक बाई ओरडली, “माहा बाळ्या कुठं गेला?”

मालक खुर्चीतून म्हणाले, “अवो, त्या लमाणीनीच्या गाठोड्यात पाहा. पोट्टे मोजून घ्या आपापले.”

त्यांनी गंमत केली होती. हसण्यासाठी. पण दोन माणसं खरंच आली.

त्यांनी याडीचं गाठोडं पाहिलं. काकीचं पाहिलं. म्हातारीला उठवून तिच्या बसण्याखाली पाहिलं. बाळ्या बाहेर सापडला, इंजिनाजवळ, चाक फिरतं ते पाहत उभा. त्याची आई त्याला घेऊन आमच्यासमोरून गेली. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. भाकरी मातीत होत्या. याडीनं त्या झटकल्या, पुन्हा बांधल्या.

मी म्हणाले, “चाल, घरी जाऊ.”

याडी म्हणाली, “बस. पुरा पाहू.”

आम्ही पुरा पाहिला. शेवटी गावकऱ्यांनी त्या बाईला जाळलं. पुस्तकात असं नव्हतं. पण तंबू नाचला. शिट्ट्या, टाळ्या, फेटे उडाले. माझ्या वर्गातली मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तीच मुलं, जी शनिवारी शेवटच्या पानाला डोळे पुसायची. मी एकेकाकडे पाहत होते. वाटलं, कोणी तरी म्हणेल, हे चूक आहे. बगळ्याच्या पंखांच्या रंगावरून जी भांडली, त्यातलं एक जण तरी म्हणेल. कोणी म्हणालं नाही.

बाहेर पडताना गुरुजी मालकांना सांगत होते, “पुस्तकापेक्षा सिनेमा भारी हाये. पुस्तकात ते बाई कोन हाये, समजतच नाही. इथं पाहा, येताबरोबर वळखू आली.”

हे वाक्य माझ्या अंगात घुसलं. झोप नाही, जेवण नाही. उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. येताबरोबर ओळखू आली. कशावरून आली? माझ्या आईच्या कपड्यांवरून.

दुसऱ्या दिवशी याडी वावरात गेली तेव्हा तिच्या अंगावर जुनं काळपट लुगडं होतं. कुणी तरी कधी दिलेलं. कांचळी, फेट्या, बांगड्या, सगळं पेटीत. वाटेवर ती मला गावातल्या कुठल्याही बाईसारखी दिसली आणि मला तिची लाज वाटायची थांबली. मग त्याचीच लाज वाटली. तो विचार आठवला की आजही बसवत नाही.

शाळेत खेळ सुरू झाला होता. कोणी तरी मागून येऊन माझ्या डोक्यावर पोतं टाकायचं. “जाळा रे हिले.” मी पोतं काढून फेकायचे. ते हसायचे. गुरुजी पाहायचे, म्हणायचे, “पुरे झालं, बसा.” कोणालाही न उद्देशून.

मग संमेलन आलं. गुरुजींनी ठरवलं, या वर्षी तीच गोष्ट. सिनेमासारखी. मालक पाहुणे म्हणून येणार होते. गुरुजींनी कामं वाटली. बहीण कोण, भाऊ कोण, गावकरी कोण. मग माझ्याकडे पाहिलं.

“तू चेटकीण हो. तुह्या घरी कपडे आयतेच हायेत. आईचे घेऊन ये.”

मी उभी होते. मला बोलायचं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

“नाही.”

“काय म्हनली?”

“मी नाही करत.”

गुरुजी उठले, छडी घेतली. हात पुढं करायला लावला. मारलं. म्हणाले, “आता बोल.”

“नाही.”

दुसरा हात. मी रडत होते, पण ते रडणं अंगाचं होतं. आत काही तरी फार स्वच्छ झालं होतं. छडी मारायला कारण लागतं, आणि यांच्याकडे कारण नाही, एवढं मला दिसत होतं.

“लमाणाच्या पोरीले शाळेत बसू देल्लं, हेच चुकलं,” गुरुजी म्हणाले. “काम करत नसशीन तर उद्यापासून येऊ नको.”

घरी याडीनं माझे तळहात पाहिले. मी सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून राहिली, भाकर करपली तरी. सकाळी तिनं पेटी उघडली. फेट्या नेसली. कांचळी घातली. बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. घुगऱ्या बांधल्या. मला म्हणाली, “चाल.”

आम्ही मालकांच्या दारावरून गेलो. गल्लीतून गेलो. लोक ओट्यावर उभे राहून पाहत होते. तिच्या वाळ्यांचा आवाज होत होता आणि ती पाय जपून टाकत नव्हती.

शाळेच्या दारात ती उभी राहिली. “गुर्जी, पोरीले काहून मारलं?”

गुरुजी चाचरले. “आवो बाई, नाटकाची गोष्ट होती. सिनेमातली गंमत. एवढं मनावर काय घेता?”

“गंमत तुमची होती,” याडी म्हणाली. “गाठोडं माहं खोललं.”

गुरुजींनी हजेरीपट उघडला.

“पाहा मले. उजेडात पाहा. म्या कोनाचं लेकरू नेलं? नाव सांगा.”

वर्गातली सगळी मुलं पाहत होती. कोणी हसलं नाही. गुरुजी खाली पाहून म्हणाले, “जा तुमी आता. पोरीलेही घेऊन जा.”

“पोरगी शिकाले आली हाये,” याडी म्हणाली, आणि मला तिथंच सोडून वळली.

त्याची किंमत आम्ही मोजली. मालकांच्या वावरात याडीला पुन्हा काम मिळालं नाही. तिला लांब, मंगरूळपीरच्या वाटेवरच्या शेतांत जावं लागलं, अंधारात निघून अंधारात यायचं. संमेलन झालं. मालकांच्या पुतणीनं चोळीवर आरसे चिकटवून चेटकीण केली. खूप टाळ्या पडल्या, असं ऐकलं. गुरुजींनी माझी माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी ती घेतली नसती.

याडी शाळेच्या दारातून परतली त्या सकाळी मी माझ्या जागेवर जाऊन बसले. गुरुजींनी हजेरी घेतली. माझ्या आधीचं नाव घेतलं, माझ्या नंतरचं घेतलं. माझं गाळलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “हजर.” त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळलं. मी पुन्हा उभी राहिले. वर्षभर त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि वर्षभर मी हजर म्हणत राहिले.

पहिल्या दिवशी खाली बसताना मी एवढंच ठरवलं होतं. मला इथून काढायचं असेल तर सगळ्यांसमोर, हाताला धरून, ओढून काढावं लागेल. मी आपणहून उठणार नाही.