चौदाचं ॲव्हरेज

रंगनाथ पगारे यांना ती गाडी पहिल्यांदा दिसली ती हप्त्याहप्त्याने. २००१ साल होतं आणि देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त कर्नलच्या बंगल्यासमोर ते उभे होते. आधी फाटकातून बॉनेट बाहेर आलं. मग बराच वेळ बॉनेटच येत राहिलं. रंगनाथरावांनी समोरच्या टपरीवर चहा सांगितला. तो आला, बशीत निवला, पिऊन झाला, सुट्टे पैसेही परत मिळाले, तेव्हा कुठे मागच्या दाराला लटकवलेली स्टेपनी फाटकाबाहेर पडली. गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि मागचा बंगला एकदम आउटहाउससारखा दिसायला लागला. रंगनाथरावांच्या छातीत कळ आली. एक्कावन्नाव्या वर्षी अशी कळ हृदयविकाराची तरी असते किंवा प्रेमाची तरी. डॉक्टरची फी वाचावी म्हणून त्यांनी ती प्रेमाची मानली.

हे प्रेम शोभत नव्हतं, कारण रंगनाथराव म्हणजे काटकसरीचा चालता फलक. अंबडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं ते तपासनीस होते. केसाच्या दहाव्या हिश्श्याने जाड निघालेला शाफ्ट ते मायक्रोमीटर लावून परत पाठवायचे आणि कारागिराने कितीही हात जोडले तरी ढळायचे नाहीत. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हातात येईपर्यंत त्यांच्याकडे एक स्कूटर होती. उतार दिसला की ते इंजिन बंद करत, सिग्नलला बंद करत, समोर ओळखीचा माणूस दिसला तरी बंद करत. स्कूटर बावन्न द्यायची. सिडकोत कोणीही नवी गाडी घेतली की आधी पेढे घेऊन त्यांच्याकडे यायचा आणि ते विचारायचे, "ॲव्हरेज काय म्हणतात?" आकडा ऐकून त्यांनी मान हलवली नाही, तर पेढा गोड लागत नसे.

बायको ललिताबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी एकच अट घातली. "घ्या. पण दहाच्या खाली देत असेल तर दारात ठेवायची नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी विकायची."

"दहा?" रंगनाथराव हसले. "दहा काय घेऊन बसलीस."

पहिल्या रविवारी ते मोजायला निघाले. इगतपुरीला टाकी गळ्यापर्यंत भरली, कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरले आणि खाली पोचताच मोजमाप थांबवलं. चौदा. परत येताना घाट चढावा लागला, ते त्यांनी धरलं नाही. चढ हा त्यांच्या मते रस्त्याचा दोष होता, गाडीचा नव्हे. संध्याकाळपर्यंत सगळ्या सिडकोला चौदा पाठ झाला. गाडी प्रत्यक्षात देत होती साडेसहा. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत केसाचा दहावा हिस्सा माफ केला नाही, त्याने स्वतःला साडेसात किलोमीटर माफ केले.

बाकी गाडीने काही माफ केलं नाही. एका वेळेला ती आठ लिटर ऑईल प्यायची. तिच्या एका टायरच्या पैशात घरात महिन्याचा किराणा आला असता आणि तिला असे चार होते, वर पाठीवर पाचवा. गल्लीत ती वळवायची म्हणजे नऊ स्कूटरी, दोन सायकली आणि एक म्हातारा खाटेसकट हलवावा लागे.

खरा घोळ मात्र नातेवाइकांनी घातला. मोठी गाडी घरात आली की ती घरची राहत नाही, भावकीची होते. कोणाचा साखरपुडा, कोणाला सिन्नरला मुलगी बघायला जायचंय. मागणाऱ्यांचा रिवाज सरळ होता, "गाडी तुमची, डिझेल आमचं." आणि डिझेल किती टाकायचं? तर चौदाच्या हिशोबाने. साठ किलोमीटर जायचं की मंडळी सव्वाचार लिटर टाकत आणि वर अर्धा लिटर देत उपकार म्हणून. उरलेलं रंगनाथराव भल्या पहाटे कॅन घेऊन स्वतः ओतत. दुसऱ्याच्या वरातीला आपण गुपचूप डिझेल पाजणारा असा दानशूर अख्ख्या नाशकात नव्हता, आणि त्याची कुठे पाटीही लागणार नव्हती. तोंड उघडावं तर गाडी जाणार. म्हणून ते ओतत राहिले. दोन वर्षं ओतत राहिले.

२००३च्या मे महिन्यात ललिताबाईंचा भाचा मयूर याचं लग्न घोटीच्या विहारात ठरलं. नवरदेव गाडीत, हे सांगायलाच नको. ललिताबाईंचा भाऊ किशोर आदल्या दिवशी दुपारी येऊन किल्लीच घेऊन गेला. फुलं आणायची, सजवायची, गाडी त्याच्याच दारात राहणार. रंगनाथरावांचा नियम होता की गाडी देताना काटा तळाला टेकलेला हवा, म्हणजे आपलं थेंबभर डिझेल फुकट जात नाही. त्यांनी तो तसा टेकवून ठेवला होता. आता गाडी किशोरच्या दारात, म्हणजे पहाटे कॅन ओतायची संधीच उरली नव्हती.

सकाळी किशोर म्हणाला, "दाजी, जाऊन-येऊन सत्तर. चौदाने पाच लिटर. मी काल साडेपाच टाकलंय, त्यात अर्धं फुलांच्या फेरीचं."

"कशाला एवढं," रंगनाथराव म्हणाले.

गाडी त्यांनी चाळीसवर धरली. एसी बंद. काचाही बंद. मागे ललिताबाईंच्या शेजारी सुटातला मयूर इडलीसारखा उकडत होता.

"दाजी, ट्रॅक्टर पुढे गेला," शेजारच्या सीटवरून किशोर म्हणाला.

"जाऊ दे. त्याला काम असेल."

"काच तरी खाली करू का?"

"उघडी काच वारा धरते."

वाडीवऱ्ह्याच्या पुढे पंप दिसला आणि त्यांनी हळूच इंडिकेटर दिला. "जरा चाकांतली हवा बघतो."

"मी सकाळीच बघितली," किशोर म्हणाला. "बारा वाजले दाजी. भन्तेजींना दीडला इगतपुरीत दुसरं लग्न आहे. चला."

इंडिकेटर बंद झाला. मुंढेगावजवळ गाडीनेही तेच केलं. दोन हिसके दिले आणि झेंडूच्या माळांसकट रस्त्याच्या कडेला टेकली.

रंगनाथरावांनी बॉनेट उघडलं. "डिझेल पंप गेला वाटतं," ते इंजिनाकडे बघत म्हणाले. माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना ते म्हणवलं नसतं.

मागून सजावट करणारा चंदर मोटारसायकलवर येत होता. त्याने फाट्यावरच्या सोमा मिस्त्रीला आणलं. सोमाने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीचं झाकण काढलं, लांब काडी आत घातली, बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवली.

"कोरडी हाय."

"साडेपाच लिटर टाकलंय मी," किशोर म्हणाला. "समोर उभं राहून."

"मग रातच्याला कोणी काढलं असंल. लय होतं असं."

किशोर सावकाश चंदरकडे वळला. "रात्री गाडीजवळ तूच होतास ना रे?"

"मी माळा लावत होतो," चंदर म्हणाला. "भाऊ, मी कशाला काढू?"

"तुझ्या मोटारसायकलला नाही लागत. पण विकता तर येतं."

रंगनाथरावांसमोर वाट मोकळी होती. नुसतं गप्प बसायचं. गाडी वाचली असती, चौदा वाचला असता आणि गेला असता फक्त चंदर. त्यांनी सोमाच्या हातातली काडी घेतली आणि मायक्रोमीटरसारखी डोळ्यांसमोर धरून पाहिली.

"कोणी काढलं नाही," ते म्हणाले. "गाडी साडेसहा देते."

"दाजी, चौदा म्हणाला होतात."

"उताराला."

किशोरने चंदरला डिझेल आणायला पिटाळलं आणि स्वतः रस्त्यावर हात दाखवत उभा राहिला. मग तांदळाची पोती घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला आणि नवरदेव मागे पोत्यांवर बसून गेला. लग्न वेळेत लागलं. मयूरच्या सुटाची पाठ फोटोत पांढरी दिसते.

ललिताबाई गाडीजवळच थांबल्या होत्या. "दोन वर्षं तुमच्या शर्टांना डिझेलचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "धुते मीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

गाडी त्याच महिन्यात सोमा मिस्त्रीने घेतली. इंजिन काढून त्याने भाताच्या गिरणीला लावलं आणि बाकीचं भंगारात घातलं.