दहाव्याला भाषण नको

थोरला भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला दुकानात होतो. विहिरीवरच्या जुन्या मोटारी, पाइप, स्टार्टर घ्यायचे आणि दुरुस्त करून विकायचे, हा माझा धंदा. समोर एक गिऱ्हाईक तासभर अडून बसलं होतं आणि मीही त्याच्यापुढं अडून बसलो होतो. फोन ठेवला आणि त्याला म्हणालो, तू म्हणशील त्या दरात घेऊन जा. घासाघीस अर्धवट टाकून मी सौदा केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

भाऊ दौंड तालुक्यात राहूच्या अलीकडं, नदीकाठच्या आमच्या गावात राहायचा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला त्याला बरीच वर्षं झाली होती. गावात त्याला सगळे फौजी म्हणत, आणि मला फौजीचा भाऊ. मी हातात काही नसताना शिरूरला दुकान उभं केलं, घर बांधलं, पण गावात पाय ठेवला की माझी ओळख तेवढीच. त्याचा मला राग होता, अजूनही आहे. भावावर मात्र तो कधी निघाला नाही.

तो पहाटे उठून भरतीला जाणाऱ्या पोरांना कालव्याच्या भरावावर पळवायचा. घरी आला की वहिनींजवळ बसून भाजी निवडायचा. त्यांचे गुडघे गेल्यापासून पाणी तोच भरायचा, दळण तोच आणायचा. कट्ट्यावर यावरून चेष्टा व्हायची. तो म्हणायचा, "फौजंत काय माझी आई येत हुती व्हय भांडी घासायला?"

पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंड्याची घडी घालायची, आत फुलं भरायची, दोरीला गाठ मारायची, हे काम त्याचं. त्याची गाठ एका झटक्यात सुटायची. झटका देणारा मात्र दरवर्षी कुणीतरी पुढारी असायचा. फौजी बाजूला उभा राहून पोरांना सावधान-विश्राम सांगायचा. एकदा मी यावरून सरपंचांशी भर शाळेत भांडलो. भावानंच मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि घरी आणलं.

दवाखान्यात असताना त्यानं वहिनींना एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "माझ्या दहाव्याला कुणाचं भाषण नको. मी लय दहाव्यांना उन्हात बसलोय."

आमच्या भागात दहावा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नदीवर पिंडाचा विधी चालू असतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग माइकवर श्रद्धांजल्या सुरू होतात. सोसायटी, कारखाना, पंचायत, बाजार समिती, ज्याला जे पद असेल तो उठतो. एकेक पुढारी सकाळी दोन-तीन दहावे उरकतो. भाषणं संपेपर्यंत लोकांना उठता येत नाही, आणि कर्ण्याच्या आवाजानं कावळाही पिंडाकडं फिरकत नाही.

वहिनींनी ते काम माझ्यावर सोपवलं. "तुमचं समदे ऐकत्यात भावजी, न्हाई ऐकलं तर भांडता तरी," म्हणाल्या. माझ्यासमोर अडून बसला तो पुतण्या, भावाचाच मुलगा. तो कुरकुंभला कंपनीत आहे आणि यंदा पंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. त्यानं आधीच फोन फिरवले होते. म्हणाला, "तात्या, पुढारी यायचं आन् त्यांना नुसतं बसवून ठिवायचं? माझ्या तोंडाकडं तर बघा." मी सुरुवातीला एकही नको म्हणून बसलो. तो सातावर होता. भावकीतले आप्पा मध्ये पडले. मी भडकलो, तोही भडकला, चहा दोनदा गार झाला. शेवटी दोन भाषणांवर सौदा ठरला आणि तसा मी शब्द दिला. वहिनींना सांगितलं तेव्हा त्या पुढ्यातली भाजी निवडत राहिल्या. त्यांना एकही नको होतं, हे मला कळत होतं. पण सातावरून दोनावर आणलं, याचंच मला समाधान वाटत होतं.

दहाव्याला घाट भरला होता. भावानं पळवलेली पोरं, आता कुणी पोलीस, कुणी फौजी, रजा काढून आली होती. प्रवचन संपलं. पहिले पुढारी घाईघाईनं माइकपाशी आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजींनी या परिसरात हजारो विद्यार्थी घडवले."

त्यांचा पुढचा दहावा खुटबावला होता. तिथले निवृत्त शिक्षक वारले होते. साहेबांनी त्यांची श्रद्धांजली इथंच सुरू केली होती.

लोक खाली मान घालून बसले. माझ्या शेजारी आप्पा पुटपुटले, "आपला फौजी कवा मास्तर झाला?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शिकवतच हुता की, पळायला." दोघंतिघं तोंडाला रुमाल लावून हसले. साहेबांचं भाषण शाळेच्या इमारतीपर्यंत पोहोचलं. पुतण्या माझ्याकडं बघून हातानं बसा बसा करत होता. मी उठलो होतो.

मी माइक त्यांच्या हातातून घेतला. "हा फौजी होता," मी म्हणालो. "गुरुजी खुटबावचे. याला भाषण नको होतं, ते मी दोनावर ठरवलं. आता दुसरं होणार नाही."

दुसरे पुढारी पुढच्याच रांगेत कागदाची घडी उलगडून बसले होते. ते उठले आणि गाडीकडं चालू लागले. त्यांच्यामागं बरीच माणसं गेली. पहिल्या साहेबांनी माझ्यापुढं हात जोडले, चूक झाली म्हणाले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. महाराजांनी शेवटची प्रार्थना सुरू केली म्हणून तेवढ्यावर भागलं.

जेवणं उरकल्यावर पुतण्या एकच वाक्य बोलला. "तात्या, दोन ठरलं हुतं, शब्द तुम्ही दिला हुता." दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढ्यावरच माझा धंदा चालतो.

मला वाटलं, निदान वहिनी तरी बरं झालं म्हणतील. त्या भिंतीला टेकून पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते खरंच हाय. पर हे आसते तर त्या माणसाला आधी सावलीत बसवून पाणी दिलं आसतं. मग कानात सांगितलं आसतं."

पुतण्याला यंदा पंचायतीला कुणी उभं केलं नाही. त्या दिवसामुळंच, असं तो म्हणतो. दौंडच्या बाजूला जुन्या मोटारी बघायला जातो तेव्हा मी वाट वाकडी करून वहिनींकडं जेवतो. माझी गाडी दारात दिसली की तो शेतात निघून जातो. वहिनी ताट वाढतात आणि म्हणतात, तुम्हीच आधी बोला, तुम्ही थोरले. मी हो म्हणतो, जेवतो. त्याच्याशी बोलायचं म्हणजे काहीतरी सोडायचं, आणि काय सोडायचं ते मला ठरवता येत नाही. आता घासाघीस करायचंही बळ राहिलेलं नाही. हात धुऊन मी गाडी शिरूरच्या रस्त्याला लावतो.