बनामावशीचा पाट

कळंबमध्ये तीस-पस्तीस वर्षं बाळं न्हाऊ घातली ती बनामावशीनं. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब पसरायचे, त्यावर बाळ घ्यायचं, तेल जिरवायचं आणि कढत पाणी ओतायचं. निम्मं गाव त्या पायांवर भोकाड पसरून मोठं झालं. त्यात मीही आहे.

साठीनंतर तिचा उजवा गुडघा संध्याकाळी ठणकायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला. झीज थोडीच आहे, वजन कमी करा, व्यायाम करा, ऑपरेशनची गरज नाही, म्हणाले. मावशी ऐकायला तयार होती. पण मी दीडशहाणा! शेजारच्या प्रयागबाईचे गुडघे पार वाकडे झालेले, भिंत धरून मोरीपर्यंत जायची. ऑपरेशन करून सांधे बदलले आणि सहा महिन्यांत बाई एकटी बाजारला जाऊ लागली.

मी मावशीला म्हटलं, "तिचं येवढं बिघडलेलं सुधारलं. तुझं तर जरासंच हाय. तू पळशील!"

"दिवाळीत सुप्रियाचं बाळंतपण हाय," ती म्हणाली. सुप्रिया तिची नात. "पणतवंडाला न्हाऊ घालाया येईल न्हवं?"

"व्हय की!" कुणालाही न विचारता मी सांगून टाकलं.

मग दुसरा डॉक्टर गाठला. हो म्हणणारा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही.

ऑपरेशन उत्तम झालं, असं कागदावर लिहिलंय. गुडघा मात्र आवळल्यासारखाच राहिला, ठणका गेला नाही आणि खाली बसणं कायमचं बंद झालं. पहिल्या डॉक्टरांकडे जाऊन मी प्रयागबाईचा दाखला दिला. ते म्हणाले, "त्यांच्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं. यांच्याकडे होतं." त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

दिवाळीत सुप्रियाला मुलगी झाली. बाळ घरी आलं त्या सकाळी मावशीनं हट्टानं पाट मांडायला लावला. भिंतीला धरून वाकली आणि अर्ध्यातच किंचाळली. मी आणि तिच्या सुनेनं उचलून तिला खुर्चीत बसवलं. मग सूनच पाटावर बसली. "मान धर गं, मान!" मावशी वरून ओरडत होती. पोर कळवळून रडत होती.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं.

"तुला न्हाऊ घातलं ते ह्येच पाय व्हते, नागेश."