‘बस नाही’ आणि ‘कळलं नाही’

सुनंदा वाघमारे मॅडमना मी प्रथम पाहिलं ते चिंचवडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कार्यालयात. मुलाखतीसाठी हिंगोलीहून रात्रभर प्रवास करून थेट तिथे पोहोचलो होतो. मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपला डबा पुढे सरकवला. म्हणाल्या, “आधी जेवून घ्या, प्रश्न नंतर विचारते.”

त्या आमच्या प्रोग्रामर गटाच्या प्रमुख. वडील पिंपरीतल्या कारखान्यात कामगार होते, त्यामुळे शिफ्ट चुकली की घरात काय होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

चाकणच्या कामगारांना कंपनीच्या बसच्या वेळा दाखवणारं एक जुनं ॲप देखभालीसाठी आमच्याकडे आलं होतं. वेळा दुसऱ्याच एका संस्थेच्या सर्व्हरवरून येत. बस दोन-तीन असतील तर उत्तर यादीच्या रूपात येई. एकच असेल तर यादी नसे, नुसती त्या बसची माहिती. ॲपला फक्त यादी वाचता येई. दुसरं काही आलं, की ते सरळ ‘आज बस नाही’ असं दाखवी.

एके दिवशी चऱ्होलीच्या रेखाताई ते वाचून स्टॉपवरून घरी परतल्या. बस मागाहून येऊन गेली. कंत्राटावरचं काम, ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

तक्रार कळताच मॅडम मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. रेखाताई ओशाळून म्हणाल्या, “मोबाईलात न्हाई म्हनलं, म्हनून आले घरी. कुनाला तरी इचारायला पायजे हुतं.”

“तुम्ही का विचारायचं?” मॅडम म्हणाल्या. “नीट सांगायचं काम आमचं होतं.”

तिथून आम्ही ठेकेदाराकडे गेलो. चूक आमच्या ॲपची आहे, असं मॅडमनी लिहून दिलं. रेखाताई त्याच आठवड्यात कामावर परतल्या.

कार्यालयात मात्र वाद झाला. सर्व्हरवाल्यांनी सुधारावं, आपलं ॲप बंद तर पडत नाही ना, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “ते सुधारतील तेव्हा सुधारतील. ‘बस नाही’ आणि ‘बसचं कळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाऊ.”

मग आम्हाला शेजारी बसवून त्यांनी तो भाग नव्याने लिहून घेतला. उत्तराचं रूप आधी ओळखायचं, मग ते उघडायचं. एक बस असो वा अनेक, दोन्ही रूपं वाचायची. ओळखताच आलं नाही, तर तसं स्पष्ट सांगून बस-कार्यालयाचा फोन नंबर दाखवायचा.

गेल्या वर्षी आईंच्या आजारपणामुळे मॅडम नांदेडजवळच्या गावी राहायला गेल्या. नवी मुलं हुशार आहेत. तरी सर्व्हरकडून काही चमत्कारिक आलं, की मी सवयीने मागे वळतो. तिथे दुसरंच कुणी बसलेलं असतं. फोन केला, तर त्या आधी माझ्या घरच्यांची चौकशी करतात. फोन ठेवल्यावर कार्यालय जास्तच ओकंबोकं वाटतं.

मॅडम, आपल्या साठीनिमित्त आम्हा सर्वांचा नमस्कार. आपली प्रकृती उत्तम राहो, खूप वर्षं राहो. आणि आईंची सोबत आपल्याला दीर्घकाळ लाभो. ती सोबत आहे तोवर आपण इकडे परतणार नाही, हे ठाऊक आहे. तरीही आईंसाठी मागणं तेच आहे.