चाळीस टक्क्यांच्या वरची मंडळी

माझा डावा हात एकदाच गेला. चाकणच्या एका कंपनीत, प्रेस मशीनखाली, अर्ध्या सेकंदाचं काम. पण त्या हाताच्या सर्टिफिकेटचे किस्से दर वर्षी वाढतच चाललेत राव! फाइल तर एवढी जाड झालीय की उरलेल्या एका हातानं उचलत नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही सांगवीत सलीमभाईंच्या टू-व्हीलर गॅरेजवर बसतो. सरकारी सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं, म्हणून आम्ही स्वतःला 'चाळीसच्या वरचे' म्हणतो. चहा येतो आणि कुणीतरी सुरू करतं, "परवा काय झालं माहितीये?"

*

माझा हात मनगटापासून नाही. तरी पहिलं सर्टिफिकेट आलं ते 'तात्पुरतं'! मला वाटलं टायपिंगची चूक असेल. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर गेलो.

"मॅडम, हे पर्मनंट करून द्या ना."

"पाच वर्षांनी रिव्ह्यू असतो. येऊन दाखवायचं."

"काय दाखवू? हात परत उगवला का ते?"

मॅडम अजिबात हसल्या नाहीत. सर्टिफिकेट माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तसं काही झालं, तर मुदतीआधीच कळवा."

*

ताथवड्याला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक शेजारी भेटले. माझ्या हातातला कागद बघून म्हणाले, "कितीचं आलं?"

"पासष्ट टक्के."

"अरे वा! आमच्या बंड्याला बारावीलासुद्धा एवढे नव्हते!"

*

सलीमभाईंना लहानपणापासून पोलिओ. उजव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. गाडीचं इंजिन बसल्या बसल्या खोलतील, पण जिना म्हटलं की घाम फुटतो. आणि तपासणी होती दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टला कुलूप, चावीवाला रजेवर!

कठड्याला धरून, मध्ये तीनदा बसून, सलीमभाई पाऊण तासात वर पोचले. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "दोन मजले चढून आलात? मग चालता की चांगले!" आणि लिहिले एकोणचाळीस टक्के.

म्हणजे एका टक्क्यानं नापास! ना पेन्शन, ना बसचा पास. सलीमभाई उठलेच नाहीत. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, कमी पडलेला एक टक्का नेमका कुठं आहे तेवढं दाखवा. आत्ता इथंच काढून देतो."

अपील केलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच पाय तळमजल्यावर तपासला आणि पंचेचाळीस दिले. सलीमभाई पेढे घेऊन आले.

"दो महिने में छे टक्के! आहे का कुठल्या कंपनीत असं इन्क्रीमेंट?"

*

वंदनाताई पिंपळे सौदागरला राहतात. जन्मापासून दिसत नाही. एका कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात, त्यामुळे आवाज कायम गोड. पण एकदा त्यांचाही तोल गेला.

अपंगत्वाच्या कार्डासाठी फोटो अपलोड केला. रिजेक्ट! कारण काय, तर 'डोळे बंद आहेत'. दुसरा काढला. परत रिजेक्ट. तिसऱ्यांदा फोटो स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, मी बघतो." त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि फोटो एका फटक्यात पास!

मग कागदपत्रं दाखवायला बोलावलं. साहेब फोटोकडे बघतात, ताईंकडे बघतात, परत फोटोकडे.

"बाई, फोटोत तर तुम्ही सरळ माझ्याकडे बघताय! मग अंध कशा?"

"साहेब," ताई त्यांच्या त्या फोनवरच्या गोड आवाजात म्हणाल्या, "ते डोळे माझे नाहीत. स्टुडिओवाल्याच्या मेव्हणीचे आहेत."

साहेबांनी शेरा मारला, 'मेव्हणीचे संमतीपत्र जोडावे'. आता बोला! पुढचा अर्धा तास ताईंनी आवाज गोड ठेवला नाही. कार्ड त्याच दिवशी मिळालं.

*

आणि आमचे मारुतीआबा. मूळचे इथल्याच गावातले, शेतं होती तेव्हापासूनचे. फोर्जिंग कंपनीत तीस वर्षं हॅमरवर होते. लालभडक लोखंडावर टनाटनाचा घण पडायचा, दिवसभर. कान गेले ते तिथंच. मग कंपनी बंद पडली. घरात आबा आणि आजारी आजी, पेन्शनची फार गरज.

कानाच्या तपासणीला आबा दोनदा एकटे गेले. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून परत आले. कागदावर शेरा: 'नाव पुकारले, गैरहजर'!

"आरं, म्या तितंच व्हतो की!" आबा ओरडले. त्यांना स्वतःचा आवाज येत नाही, म्हणून ते कायम ओरडतात. "कुनी पुकारलंच न्हाई!"

तिसऱ्या वेळी मी बरोबर गेलो. नाव पुकारल्यावर आबांना दंडाला धरून आत नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. आबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. मी कागदावर लिहून दाखवलं, 'आवाज आला की हात वर करा.'

आबांनी हात वर केला. खाली घेतला. परत वर. परत खाली. एका लयीत, न चुकता.

म्हटलं, आबांना तर ऐकू येतंय! गेली पेन्शन!

डॉक्टरीण बाईंनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "मी अजून मशीन चालू केलेलं नाही."

आबांचा हात वर गेला, खाली आला.

बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं, 'आबा, मशीन बंद आहे. तुम्हाला काय ऐकू येतंय?'

आबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. हेडफोन काढला. आणि त्या काचेच्या खोलीत, पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"कंपनी बंद पडून अकरा वर्सं झाली बाय. पर हॅमरची शिफ्ट अजून सुटली न्हाई."