दुसऱ्या शेडची जागा

गोदामात वर्षभर पडून राहिलं की धान्याला कीड लागते आणि माणसाला किस्से! मी तुर्भ्याच्या एका सरकारी धान्य-गोदामात क्लार्क होतो, सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागलो आणि बारा वर्षं काढली. त्यातले निम्मे किस्से दोनच माणसांचे.

एक आमचे क्वालिटीचे सबनीस साहेब. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार नळी, खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि ओलावा जास्त निघाला की अख्खा ट्रक परत. दुसरे हमाल जोमाबाबा, तिथलेच. गोदाम उभं होतं त्यांच्याच शेतावर. सरकारने जमीन घेतली आणि नोकरी दिली. कंपाउंडमागचा एक तुकडा दुसऱ्या शेडसाठी राखून ठेवला होता. शेडचा पत्ता नव्हता, म्हणून जोमाबाबा दरवर्षी त्यात भात लावायचे आणि ऑफिसात कुणी तो विषय काढायचं नाही.

*

ओलावा मोजायचं मशीन कायम बंद. मग जोमाबाबा दाणा दाढेखाली धरायचे, कट् आवाज ऐकायचे आणि सांगायचे, घ्या किंवा परत करा. साहेब निमूट रजिस्टरात लिहायचे.

एकदा हेड ऑफिसने मशीनचा नंबर मागवला. मी घाईत जोमाबाबांचा बिल्ला नंबर टाकला, चौदा. महिन्याभरात पत्र आलं, मशीन क्रमांक चौदाची सर्व्हिसिंग तातडीने करून घ्यावी.

आम्ही जोमाबाबांना दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं!

*

दिल्लीहून पाहुणे आले. दुष्काळ पडला तरी देश उपाशी राहणार नाही, यावर साहेबांनी वीस मिनिटं भाषण दिलं. एका पाहुण्या बाईंनी थप्पीकडे बोट दाखवून जोमाबाबांना विचारलं, तुम्ही यातला कुठला तांदूळ खाता?

"ह्यो? ह्यो लोकांचा हाय, बाय. आमचा मागं हाय."

झालं, सगळे मागे गेले. भात कमरेएवढा झाला होता. बाईंनी फोटो काढले. सोबतच्या हेड ऑफिसच्या साहेबांनी मात्र एवढंच विचारलं, इथली शेड कुठे आहे?

*

पंधरवड्यात भरावाच्या मुरमाचे ट्रक गेटवर उभे. भातात दाणा भरत आला होता. जोमाबाबा पहिल्यांदाच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"मना पंधरा दिस द्या, साहेब. ह्यो शेवटचा."

साहेब म्हणाले, वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काही नाही. जोमाबाबा बाहेर येऊन पायरीवर बसले. मला फार वाईट वाटलं, पण मी पडलो क्लार्क.

थोड्या वेळाने साहेब परखी घेऊन बाहेर आले. पहिल्या ट्रकवर चढले आणि परखी मुरमात खुपसली. कॉन्ट्रॅक्टर बघतच राहिला. मूठभर माल काढून साहेबांनी हाक मारली, "जोमाबाबा, बघा जरा."

जोमाबाबांनी एक खडा दाढेखाली धरला. डोळे मिटले.

"वला हाय."

"ओलावा जास्त," साहेब म्हणाले. "माल परत."

कॉन्ट्रॅक्टरने परोपरीने सांगितलं की हा मुरूम आहे, तांदूळ नाही. साहेब म्हणाले, या गेटमधून जे आत जातं ते तपासूनच जातं. ट्रक तीनदा परत गेले. चौथ्यांदा आले तेव्हा भात कापून घरी गेला होता. साहेबांबद्दल मी आयुष्यात जे काही वाईट बोललो होतो, ते त्या दिवशी मनातल्या मनात मागे घेतलं.

*

पुढच्या वर्षी शेड उभी राहिली. उद्घाटनाला मंडप, हार, हेड ऑफिसचे तेच साहेब. पहिलं पोतं आत न्यायचा मान जोमाबाबांना दिला होता.

पोतं पाठीवर घेऊन ते दारापर्यंत आले आणि थांबले. पायातल्या चपला काढल्या, पायानेच सारून कडेला लावल्या आणि आत गेले.

हेड ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, हे काय?

सबनीस साहेब खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.