समितीने नापास केलेल्या गाड्या

जुनी गाडी शोधायला निघालं की गाडीच्या आधी किस्से जमायला लागतात. माझ्या फोनमध्ये ‘गाडी’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात दोन-अडीचशे फोटो आहेत. घासलेली दारं, गंजलेले सायलेन्सर, एका फोटोत चक्क एक मासा! ऑफिसमध्ये डबा खाताना मी त्यातला एखादा उघडते आणि सगळे घास हातात धरून विचारतात, "हा कुठला गं?"

गाडी शेवटी मिळाली. आमच्या सोसायटीत खाली उभी आहे, खांबापासून चार बोटांवर. फक्त रविवारी दुपारी दोन ते चार ती माझी नसते. तेव्हा ती जुन्या मालकांच्या दारात असते, घेतानाच तसं ठरलेलं आहे.

मी राहते डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. कंपनीची बस होती, ती महिनाअखेर बंद होणार अशी नोटीस लागली. स्कूटीवरून मी शीळ रोडच्या खड्ड्यात एकदा आडवी झालेले, त्यामुळे आईने स्कूटीची चावी देवघरात ठेवून दिलेली. म्हणजे एकतर गाडी, नाहीतर राजीनामा.

हवी होती मध्यम आकाराची क्रॉसओव्हर. धड जीप नाही, धड कार नाही. उंच, कारण रस्त्यात खड्डे आणि आईचा गुडघा. मध्यम, कारण आमचं पार्किंग स्कूटरच्या जमान्यात आखलेलं. आणि जुनी, कारण पैसे माझे.

पैसे माझे, पण समिती बाबांची! अध्यक्ष बाबा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. तज्ज्ञ म्हणून त्यांचे मित्र पेंडसेकाका. आणि गुडघ्याची प्रतिनिधी आई. मी कंपनीत क्वालिटी विभागात दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष शोधते, त्याचाच मला पगार मिळतो. पण समितीत माझं काम एकच, फोटो काढणं.

चाचणीला स्टिअरिंगवर बाबा, शेजारी काका, मागे आई आणि आईच्या शेजारी मी, म्हणजे गाडी घेणारी.

"बाबा, मी चालवून बघू का?"

"आधी बघ, शीक. माझं लायसन्स तुझ्यापेक्षा वयाने मोठं आहे."

ते खरंच आहे. पण बाबांनी शेवटची गाडी चालवली तेव्हा मी दुसरीत होते!

* * *

पहिली गाडी माजिवड्याला, एका टॉवरच्या तिसऱ्या बेसमेंटमध्ये. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘लेडी ड्रिव्हन’.

मालक म्हणजे कडक इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "फक्त मिसेसनी चालवलीय. एकदम जपून."

पेंडसेकाका माझ्या कानाशी आले. "बायकांनी चालवलीय म्हणजे क्लच गेलेला असणार."

"काका, पुढेही बाईच चालवणार आहे," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

काका खोकले. बाबांनी हॉर्न वाजवून बघितला. बाबांची तपासणी हॉर्नपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

तेवढ्यात मिसेस कागदपत्रं घेऊन लिफ्टमधून खाली आल्या. मी म्हटलं, चला, खरा अनुभव असलेलं माणूस आलं. विचारलं, "घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जड होतो का हो?"

त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. मग माझ्याकडे.

"मला कसं माहीत असणार? माझ्याकडे लायसन्स कुठेय!"

* * *

पेंडसेकाकांच्या खिशात एक लोहचुंबक असतं, रुमालात गुंडाळलेलं. गाडीला अपघात झालेला असेल तर पत्र्यावर पुट्टी भरतात आणि पुट्टीला चुंबक चिकटत नाही, हे त्यांचं सगळं शास्त्र.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या कंपनीच्या मागच्याच गल्लीत जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथे काकांनी चुंबक काढलं, एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरला लावलं. पडलं. परत लावलं, परत पडलं.

"पुट्टी!" काका ओरडले. "संपूर्ण पुट्टी! मालक कुठे आहेत?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं जमली. मला तिथेच गाडीखाली शिरावंसं वाटलं. विकणारा शांतपणे म्हणाला, "काका, बंपर प्लास्टिकचा असतो. जगातल्या सगळ्या गाड्यांचा."

हशा पिकला. मी काकांचा हात धरून निघाले, तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि जाता जाता चुंबक मागच्या दाराच्या वरच्या खांबाला लावलं, जिथे छप्पर टेकतं.

टप्पकन खाली.

काका वाकले, चुंबक उचललं, रुमालाने पुसलं.

"बंपर प्लास्टिकचा. मान्य. छप्परही प्लास्टिकवरच उभं केलंय का?"

विकणाऱ्याला एकदम कोणाचा तरी फोन आला. आणि मला, नाइलाजाने, काकांना कटिंग चहा पाजावा लागला.

* * *

बस बंद व्हायला बारा दिवस राहिलेले. आंबिवलीला एक करडी गाडी होती. एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फायलीत. मला आवडलेली.

आईची चाचणी फार सोपी. बसताना गुडघा बोलला नाही पाहिजे आणि उतरताना आई बोलली नाही पाहिजे. ती गाडी यात पास झाली. मग आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मांडीवर धरला. आत काठोकाठ ताक!

"आई, हे काय?"

"रोज तुझा डबा या गाडीतून जाणार ना? सांडलं तर नापास."

ती पद्धत बघून मला धक्का बसला, कारण ऑफिसमध्ये आम्ही कंपन मोजायला जे मशीन वापरतो त्याची कल्पना जवळपास हीच आहे. फक्त त्याला कढीपत्ता नसतो.

बाबा वीसच्या स्पीडने निघाले. पहिला स्पीडब्रेकर, काही नाही. दुसरा, एक थेंब. तिसऱ्याला बाबांनी कचकन ब्रेक मारला आणि अर्धं ताक सीटवर.

"नापास," आई म्हणाली.

"अहो काकू," मालक रडकुंडीला आला, "गाडी नापास होऊ द्या, माझी सीट कोण धुणार?"

"आणि ही गाडीची चूकच नाही!" मी भडकले. "हा बाबांचा ब्रेक आहे! मी चालवली असती तर थेंब सांडला नसता!"

आईने डब्याचं झाकण लावलं. मालकाने मात्र गाडी विकायचा विचार महिनाभर पुढे ढकलला. ताकाचा वास जाईपर्यंत.

* * *

कल्याणला नदीकाठच्या एका सोसायटीत निळी गाडी बघितली तेव्हा आठ दिवस उरलेले. आतून एवढी चकाचक की मला शंका आली. सहा वर्षं वापरलेल्या गाडीला नवीन सतरंजीचा वास कसा?

मी एक गोष्ट शिकून गेलेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. चारही ओढले, तर प्रत्येकाच्या आतल्या टोकाला मातीची तपकिरी रेघ.

"गाडी पाण्यात होती," मी म्हटलं.

"छे छे! ती कॉफी सांडलेली."

"चारही बेल्टवर?"

"आम्ही चौघंही कॉफी पितो!"

बाबा म्हणाले, "अगं, एवढा माणूस सांगतोय ना." माझं डोकं असं फिरलं! मी रागारागात डिकी उघडली, स्टेपनी उचलली, आणि खाली बोटभर लांबीचा एक मासा. सुकून कडक.

मालकाने माशाकडे बघितलं. मग म्हणाला, "रविवारी बाजार आणलेला. त्यातला पडला असेल."

आता बाबा पुढे आले. बाबा मालवणचे. त्यांनी चष्मा लावला, मासा दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. भूगोलाच्या तासाला नकाशा दाखवायचे तसा.

"बाजारातला सुका मासा मी साठ वर्षं खातोय. याला मीठ नाही, हा उन्हात वाळवलेला नाही, आणि हा खाडीचाही नाही. हा गोड्या पाण्यातला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा विकत आणलेला नाही. हा पोहत आलेला आहे!"

* * *

तीन दिवस उरले. त्या रात्री मी बाबांना सांगितलं, ही शेवटची गाडी. नाहीतर सोमवारी मी देवघरातली चावी घेणार. आईने चावी देवांच्या मागे सरकवली.

शीळ रोडला लागून एक गाव आहे. तिथले दिनेशदादा म्हात्रे यांच्या तीन मजली घरासमोर, पत्र्याच्या शेडखाली, गेटाकडे तोंड करून एक लाल क्रॉसओव्हर उभी होती. सहा वर्षांची. मीटर बघितला आणि काकांनी खिशातून चुंबक काढलंच. ती गाडी सहा वर्षांत जेमतेम सात हजार किलोमीटर फिरलेली!

"मीटर मागे फिरवलाय," काका कुजबुजले.

"ताई, ही कोन चालवतच नाय," दिनेशदादा म्हणाले. "दोन मोठ्या गाड्या आल्या, तवापासून उभीच."

पण मला ते खोटं वाटेना. टायरवर नव्या रबराच्या बारीक काड्या अजून शाबूत, पेडल कोरं, ड्रायव्हरच्या सीटला प्लास्टिकसुद्धा तसंच. आणि मागची डावी सीट? ती मात्र बसून बसून खोलगट झालेली. उशीच्या जागी डोक्याच्या तेलाचा गोल डाग.

यावेळी मी आमचा मेकॅनिक, सुनीलदादा, याला सोबत नेलेलं. त्याने आपलं यंत्र जोडलं, आकडे वाचले, परत वाचले.

"ऋजुता, मी असं कधी बघितलं नाही. गाडी फिरलीय बाजारहाटाच्या स्कूटरएवढी आणि इंजिन चाललंय टॅक्सीएवढं. ऑइल वेळच्या वेळी बदललंय, इंजिन ठणठणीत. पण ही चालली कुठे?"

दिनेशदादा शेडचे पत्रे मोजायला लागले.

बरोबर दोन वाजता घराचं दार उघडलं. धोतर, बंडी, हातात काठी. दिनेशदादांचे वडील, ऐंशीच्या पुढचे. आमच्याकडे न बघता ते गाडीपाशी आले, मागचं डावं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "लाव."

दिनेशदादांच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, पळत येऊन किल्ली फिरवली, एसी लावला, काच दोन बोटं खाली केली. मिनिटभरात आजोबा घोरायला लागले.

"घरात तीन एसी हायत," वहिनी हळूच म्हणाल्या. "पन सासऱ्यांची भाताची गिरण होती. मशीन चालू ठेवून दुपारी तितंच पडायचे. गिरण बंद झाली न झोपच गेली. ही गाडी आली तवा परत लागली."

"पण मग तुम्ही विकताय कशी?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आजोबांना अजून सांगितलेलंच नव्हतं!

बाबा घड्याळ बघून म्हणाले, "त्यांना जरा उठवा. आम्ही चक्कर मारून येतो."

"चारच्या आत उठवलं तर घर डोक्यावर घेतात," वहिनी म्हणाल्या. "त्यांना घेऊनच जा. फक्त धक्का नको. तुमच्यात हळू ब्रेक कोन मारतो?"

बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आईने त्यांच्याकडे बघितलं. पेंडसेकाकांनी बघितलं. बहुतेक सगळ्यांना एकदमच ताक आठवलं.

"ऋजुता चालवेल," काका म्हणाले.

आई वहिनींबरोबर थांबली, सुनीलदादा चहाला. बाबा माझ्या शेजारी. मागे दिनेशदादा, मधे काका, डावीकडे आजोबा. मी किल्लीला हात लावला नाही, इंजिन चालूच होतं. नुसता गिअर टाकला.

शीळ रोड म्हणजे मेट्रोचे खांब, खड्डे, डंपर. बाबा दर दहा सेकंदांनी "हळू" म्हणत होते आणि आजोबा दर पाच सेकंदांनी घोरत होते. मी बाबांकडे लक्ष दिलं नाही, मी घोरण्याकडे कान लावला. क्लच हलका. स्टिअरिंग सरळ. तीन मोठे खड्डे गेले, घोरणं तसंच. आईच्या डब्यातला थेंबही सांडला नसता.

"घ्यायला हरकत नाही," बाबा पुटपुटले. महिनाभरात पहिल्यांदा!

काटईच्या सिग्नलला थांबले. शेजारी एक टेम्पो आला आणि त्याने जो हॉर्न दिला!

घोरणं बंद.

आरशात बघितलं तर आजोबा ताठ बसलेले. त्यांनी डावीकडे बघितलं. शेड नाही, शेजारी बस उभी. उजवीकडे बघितलं. पेंडसेकाका, हातात लोहचुंबक. मग पुढे माझ्याकडे बघितलं.

"ही चालते पन?"

दिनेशदादांनी डोळे मिटून घेतलेले. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले.

"घाई नको," बाबा म्हणाले. "हळू!"

"आधी मागचं बघ," काका म्हणाले.

आजोबा पुढे वाकले आणि काठीने माझ्या सीटवर दोनदा ठोकलं.

"गो पोरी, त्यांना काय विचारतंस? चालव!"